झाडापाशी थांबलेलं आख्यान

तुमच्या घराचं दार ज्यानं एकदा राखलं, त्याच्यासाठी गाणं रचायला तुम्ही नकार द्याल का?

लगेच हो म्हणू नका. सभेत हात वर करून हो म्हणणं सोपं असतं. मीही म्हणत आले. पण शांतवन मास्तरांचं आयुष्य जवळून पाहिल्यापासून हा प्रश्न कुणी विचारला की मी हात खालीच ठेवते.

मास्तर आम्हाला मराठी शिकवायचे. मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. भरे गावाच्या रस्त्याला दोन खोल्या आणि पुढं शेणानं सारवलेला ओटा, असं त्यांचं घर. आमच्या बाजूला ख्रिस्ती घरं एवढी थोडी, की रविवारची प्रार्थना त्या ओट्यावरच मावायची. उंच, जरा पुढं झुकलेले, पांढरा सदरा, आणि बारा महिने काखेत छत्री. कविता ते लिहून करत नसत, चालून करत. घरापासून पिरंगुटच्या शाळेपर्यंत पायी येताना अभंगाची अक्षरं मोजत अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत असे, सहा, सहा, सहा, चार. अक्षर जुळलं नाही की जागीच उभे राहायचे. मागं टेम्पो खोळंबायचा, ड्रायव्हर हिंदीत शिव्या घालायचा, आणि मास्तर छत्री वर करून त्याला थांबवायचे, जणू अडलेलं अक्षर त्याच्याच गाडीत होतं.

दुसरी एक सवय त्यांना होती, आणि तिनंच पुढं सगळं केलं. मास्तरांना माणसं नुसती माणसं म्हणून दिसतच नसत. प्रत्येकाला ते शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, कुणाच्या तरी जागेवर बसवायचे. हेडमास्तर फारो, तो जुलमी राजा. उशिरा येणारा कुणीही योना, कारण योनालाही धाडलं तिकडं जायचं नव्हतं. आमच्या शिपायानं, साळूमामानं, एकदा वरच्या गावी जाऊन, भांडून शाळेच्या टाकीला पाणी सोडवून आणलं. त्या दिवसापासून तो मोशे. मोशेनं खडकातून पाणी काढलं होतं, ही गोष्ट मास्तरांनी आम्हाला दोन तास सांगितली. पुढच्या उन्हाळ्यात टाकी परत कोरडी पडली, तेव्हा मास्तर खरोखर रागावून साळूमामाला म्हणाले, "अरे, तू असताना पाणी नाही?"

"मास्तर, मी शिपाई हाय," साळूमामा म्हणाला. "वरनं सोडलं तर पाणी येतंय. मला कशाला त्या मोशेचा ताप?"

आम्ही हसलो. मास्तर हसले नाहीत. साळूमामा आपली जागा सोडून पळतोय, असंच त्यांना वाटलं असावं.

मला त्यांनी आमोस केलं होतं. आमोस मेंढरं राखणारा होता आणि राजाच्या तोंडावर खरं बोलायचा. माझे वडील कारखान्यात युनियनचं काम करायचे. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती; अक्षरंसुद्धा मी त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळं 'आमची गाय' या निबंधाची सुरुवात मी 'बंधू आणि भगिनींनो' अशी केली, आणि गाय शेवटच्या ओळीत एकदाच आली. मास्तरांनी खाली लाल शाईनं लिहिलं, 'आमोसबाई, गाईलाही थोडं बोलू द्या.' मी पुढं जे काही लिहायला शिकले, ते त्या एका ओळीवर शिकले. त्यांच्याशी मी नंतर जितकी भांडले तितकी आयुष्यात कुणाशी भांडले नाही, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

आता राजांचं सांगते. त्यांचं खरं नाव आणि गाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्याकडं सगळे त्यांना राजे म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणेन. वडिलांच्या काळापासून सत्ता घरात. कुणाच्या पोराला कारखान्यात चिकटवायचं, कुणाचा बांध सरकवायचा, कुणाचं लग्न मोडायचं, हे त्यांच्या पडवीत ठरायचं. मला त्या पडवीचा लहानपणापासून संताप. मास्तरांना मात्र राजांच्या नावानं वेगळंच काही आठवायचं.

एका रविवारी मास्तरांच्या ओट्यावर प्रार्थना चालू असताना पंधरा-वीस पोरं अंगणात येऊन उभी राहिली. हितं काय चाललंय, कुणाला बाटवताय, असली भाषा. एकानं टाळ हिसकावले. मास्तरांची बायको मार्थाबाई तोंडानं खमकी, ती म्हणाली, "चाळीस वर्सं त्याच म्हाताऱ्या हितं बसत्यात. त्यांना बाटवायला आता उरलंय काय?" पोरं हसली नाहीत. पुढच्या रविवारी बघतो म्हणून गेली.

पुढच्या रविवारी पोरांच्या आधी राजे आले. कुणी बोलावलं नव्हतं. चपला बाहेर काढल्या, ओट्याच्या कडेला मांडी घालून बसले आणि शेवटपर्यंत बसून राहिले. पोरं रस्त्यावर आली, राजांची गाडी बघितली आणि निघून गेली. कोरा चहा पिऊन उठताना राजे म्हणाले, "मास्तर, ते मेंढपाळाचं गाणं लई चांगलं हाय. आमच्याकडं या म्हणायला." त्यानंतर त्या ओट्याकडं कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. आणि मास्तरांच्या मनात राजांची जागा ठरली. दावीद, ते मेंढपाळाचं गाणं ज्यानं रचलं तो राजा.

हे मी तेव्हाच समजून घेतलं असतं, तर पुढं जे झालं त्याचं आश्चर्य वाटलं नसतं.

राजांचा एकुलता मुलगा सुजित. तोही मास्तरांचाच विद्यार्थी. खांद्यापर्यंत केस, मागं रबर लावून बांधलेले, आणि एक मोठी मोटारसायकल, जिचा आवाज दोन गावांना ऐकू जायचा. राजांनी गावामागचा डोंगराचा माळ प्लॉटिंगवाल्याला द्यायचं ठरवलं. त्या माळावर धनगरांची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या चरतात. शहराला लागलेलं सूस गाव डोळ्यासमोर होतंच. जिथं शेतं होती तिथं आता सोसायट्या आणि त्यांच्या गेटवर उभे वॉचमन. सुजित बापाच्या विरोधात गेला. पौडला तालुक्याच्या कचेरीच्या फाटकाशी रोज उभा राहायचा, कागद घेऊन येणाऱ्या माणसाला विचारायचा, "काय काम हाय? कुणी अडवलंय?" आणि त्याचा अर्ज लिहून द्यायचा. निवडणूक लागली तेव्हा तो बापासमोर उभा राहिला. त्याची पत्रकं मी लिहिली. त्यातला एक शब्दही मी आज मागं घेणार नाही.

मास्तरांनी ही बातमी ऐकली आणि त्यांना सगळं शास्त्र समोर उभं दिसलं. दावीद राजाचा मुलगा अबशालोम, देखणा, लांब केसांचा. तोही वेशीच्या दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याचं गाऱ्हाणं ऐकायचा, आणि असंच करत त्यानं लोकांची मनं बापापासून फोडली. शेवटी बापावर फौज घेऊन गेला. मास्तरांना काही रचावंच लागलं नाही. सगळं हजारो वर्षांपूर्वीच रचून ठेवलेलं होतं.

मास्तर कीर्तन करायचे. नगरकडं ख्रिस्ती कीर्तनाची जुनी रीत आहे. हातात चिपळ्या, मागं पेटी, शास्त्रातली एक गोष्ट घ्यायची आणि अभंगांत बांधून सांगायची. पेटीवर मार्थाबाई. अबशालोमाचं आख्यान त्यांनी नव्यानं बांधलं, आणि त्याचा पहिला अभंग आठवड्याभरात भागातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर पोचला.

वेशीच्या दाराशी । राजाचा कुमार ।
पुसे समाचार । ज्याला त्याला ॥
म्हणे तुझी बाजू । खरी असे गड्या ।
पण दारी कड्या । राजाचिया ॥

कुणाचं नाव नाही, गाव नाही. अबशालोम खेचरावर बसतो. ते खेचर म्हणजे कुठली मोटारसायकल, हे कुणाला सांगावं लागलं नाही. अबशालोमाला फितवणारा एक सल्लागार आहे, अहिथोफेल. मास्तरांच्या अभंगात तो 'कागद पेरतो'. म्हणजे मी.

मी तडक त्यांच्या घरी गेले. मार्थाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. मास्तर ओट्यावर.

"कालपर्यंत आमोस होते मी," म्हटलं. "एका रात्रीत अहिथोफेल झाले?"

"बस आधी. भाकरी खा."

"मास्तर, माळ विकला जातोय. धनगरांनी मेंढरं घेऊन कुठं जायचं?"

"राजाची चूक आहे," मास्तर म्हणाले. "दावीदाच्याही होत्या, मोठ्या होत्या. चुकलेला राजा परवडतो गं. त्याला ओळखता येतं, त्याच्याशी बोलता येतं. त्याला खाली ओढलं की वर कोण चढेल ते सांगता येत नाही. त्या रविवारी अंगणात कोण उभं होतं? ती पोरं कुणाची होती, ठाऊक आहे तुला?"

"सुजितची नव्हती."

"राजांचीही नव्हती."

चुलीकडून मार्थाबाई म्हणाली, "येक दिस चहा प्यायला तो मानूस. जन्मभर पाजनार का त्याला?"

मास्तरांनी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. मला म्हणाले, "तू शेवट ऐकला नाहीस. सगळं आख्यान मी शेवटासाठी बांधलंय." आणि चिपळ्या न घेता, हळू आवाजात म्हणून दाखवलं. लढाईला निघालेल्या सरदारांना दावीद सांगतो,

माझ्यासाठी तरी । पोराला सांभाळा ।
नका लावू गळा । धार कुणी ॥

अबशालोम हरतो, पळतो, झाडाच्या फांदीत त्याचे केस अडकतात, आणि दावीदाचे सरदार हुकूम मोडून त्याला लोंबकळतानाच मारतात. जिंकल्याची बातमी येते. दावीद वेशीवरच्या खोलीत एकटा जातो.

माझ्या रे लेकरा । मी का नाही मेलो ।
जिंकूनही गेलो । हरूनिया ॥

"हे राजांना ऐकवलंय मी," मास्तर म्हणाले. "डोळे मिटून ऐकत होते. 'पोराला सांभाळा' आलं तसे त्यांनी डोळे उघडले. पुढं नुसता चहा मागवला. पण उघडले. आता हे गावासमोर गायलं गेलं की त्यांना सुजितवर हात टाकता येईल? सांग तू. एकदा दावीद म्हणवून घेतलं की दावीदासारखं वागावं लागतं."

असा त्यांचा डाव होता. राजाची स्तुती करून राजाला बांधून घ्यायचं. मी तेव्हाही त्यांना सांगितलं की राजे बांधले जात नाहीत, फक्त आपण बांधले जातो. पण खरं सांगायचं तर तो अभंग ऐकून माझा आवाज थोडा खाली आला होता. निघताना मी विचारलं, "अहिथोफेलाचं शेवटी काय होतं?"

मास्तर जरा ओशाळले. "गळफास घेतो तो. तुझ्यासाठी ते कडवं गाळलं मी."

मार्थाबाई भाजलेली भाकरी टोपलीत टाकत म्हणाली, "गाळता येतंय म्हनायचं."

पुढं राजांच्या प्रचाराचं बघणारा बंडूशेठ मास्तरांकडं आला. रिक्षावर भोंगा लावून आख्यान वाजवायचं होतं, फोनवरूनही सगळीकडं धाडायचं होतं. तेव्हा मी तिथं नव्हते. पुढचं मार्थाबाईनं मला सांगितलं. बंडूशेठनं आधी संपूर्ण ऐकलं आणि म्हणाला, "मास्तर, येक नंबर. फकस्त झाडाला लटकला की बंद करा. रडारड नको. निवडणुकीत रडारड चालत न्हाई."

मास्तर म्हणाले, आख्यान अर्ध्यावर सोडायची रीत नाही.

"आवो, अर्धं कुटं? मेन तेवढं घेतलंय की. अन् ते पोराला सांभाळा बी काढा मधनं. आपनच त्याला सांभाळा म्हनायचं, मंग मतं कशाला मागायची?"

मास्तरांनी होकाराची मान हलवली. भीतीपोटी नव्हे, आणि त्या चहापोटीसुद्धा नव्हे, असं मला आजही वाटतं. ते बायकोला जे म्हणाले त्यात त्यांची सगळी चूक आहे. ते म्हणाले, "झाडापर्यंत गायलं तरी पुरे. पुढचं सगळ्यांना ठाऊकच असतं."

जन्मभर त्यांनी ज्या लोकांपुढं गायलं त्यांना ते ठाऊकच होतं. ओट्यावरच्या म्हाताऱ्या झाडाचं नाव निघताच पदर डोळ्यांना लावायच्या. त्यांच्यासाठी ते झाड म्हणजेच बापाचं रडणं. रावण पडला म्हटलं की पुढं अयोध्या येते, हे आमच्यात शेंबड्या पोराला सांगावं लागत नाही, तसंच मास्तरांना अबशालोमाचं वाटत होतं. पण आमच्या भागात दावीद कोण, हे कुणाला माहीत? माले म्हणा, भरे म्हणा, कुठल्याही पारावर बसलेल्या माणसानं ती गोष्ट पहिल्यांदाच ऐकली, आणि ऐकली ती इथवर,

पळाले खेचर । वडाच्या खालून ।
केसांनी धरून । ठेविला तो ॥

मग पेटीचा एक लांब सूर, आणि 'राजांनाच मत द्या'. गोष्टीचा अर्थ सरळ होता. बापाविरुद्ध जाणाऱ्या पोराचं असं होतं, आणि असंच व्हायला पाहिजे. त्या मूळ झाडाचं नाव इथं कुणाला कळणार नाही म्हणून मास्तरांनी वड घातला होता. वड तर प्रत्येक गावाला आहे.

राजे जिंकले. मिरवणूक फाट्यावरच्या वडाखाली आली, तेव्हा पोरांनी पेंढ्याचं एक बुजगावणं तिथं आधीच टांगून ठेवलं होतं, डोक्याला काळ्या दोऱ्याचा गुच्छ लावून. भोंग्यावर मास्तरांचा आवाज. गुलाल उडत होता. राजे उघड्या जीपमध्ये होते. त्यांनी वर पाहिलं, हे मी स्वतः पाहिलं. जीप झाडाखालून पुढं गेली.

मिरवणुकीनंतर तिसऱ्या दिवशी सुजित दुधाच्या डेअरीवर आला होता. पाच-सहा जणांनी त्याला धरला, खाली बसवला आणि मेंढरांची लोकर कापायच्या कात्रीनं त्याचे केस कापले. एक जण फोनवर अभंग लावून धरत होता. कान कापला गेला, टाळूला दोन ठिकाणी लागलं. ज्या धनगरांसाठी तो उभा राहिला त्यांच्याच घरातून कुणीतरी ती कात्री उचलून आणली होती. सुजितनं पोलिसांत तक्रार दिली नाही. बाप येईल म्हणून दोन दिवस घरात थांबला. बाप त्याच घरात वरच्या मजल्यावर होता. सत्कार चालू होते. तिसऱ्या दिवशी सुजित बायकोला घेऊन निघून गेला.

मास्तरांना हे समजलं ते शाळेच्या रस्त्यावर, कुणीतरी हसत सांगितलं तेव्हा. हसणारा म्हणाला, "मास्तर, तुमच्या गान्यापरमानं झालं बगा." ते तिथूनच मागं वळले. घरी गेले, चिपळ्या घेतल्या आणि थेट राजांच्या बंगल्यावर. मार्थाबाई पेटी डोक्यावर घेऊन मागं गेली. वाटेत तिनं मला हाक मारली, "चल गं, साक्षीला." म्हणून मी तिथं होते.

पडवीत माणसं बसली होती. हार सुकले होते. राजांनी मास्तरांना बघून हात जोडले. "या मास्तर. तुमच्या गान्यानं काम केलं."

"काम अर्धं झालंय राजे. पुढचं म्हणायला आलोय."

"आता कशाला? आपन जिंकलो की."

"दावीदही जिंकला होता," मास्तर म्हणाले, आणि उभ्यानंच सुरू केलं. मार्थाबाईनं पायरीवर बसून पेटी धरली. पोराला सांभाळा, इथपर्यंत लोक ऐकत होते. कौतुकानं म्हणा, सवयीनं म्हणा. मग विलाप सुरू झाला. माझ्या रे लेकरा. मास्तरांचा आवाज तेव्हा चांगला होता, पडवीभर भरला. बंडूशेठ पुढं आला आणि म्हणाला, "मास्तर, घरात काय कुनी गेलंय का? अशुभ कशाला?" राजांनी त्याला थांबवलं नाही. मास्तरांनाही थांबवलं नाही. ते उठले आणि आत गेले. आतल्या दाराला कडी लागल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

मास्तरांनी शेवटची ओळ पडवीतल्या बाकड्यांसमोर पुरी केली.

परतताना मी त्यांना फार बोलले. कवितेला जे करायचं होतं ते तिनं केलं, म्हटलं. तुम्ही राजाची बाजू घेतलीत, गोष्ट राजाची झाली, आता तिला रडायला शिकवून उपयोग नाही. ते ऐकून घेत होते. बऱ्याच अंतरानं म्हणाले, "मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं गं."

"म्हणून तर," मार्थाबाई म्हणाली. "नाव घेतलं असतं तर पोराचा चेहरा तरी दिसला असता तुमास्नी."

त्यानंतर मास्तरांनी माणसांना शास्त्रातली नावं देणं बंद केलं. साळूमामाला साळू म्हणायला लागले. मलाही माझ्या नावानं हाक मारू लागले. मला ते फार परकं वाटायचं. शाळेतून निवृत्त झाले, आणि एक नवंच वेड घेतलं. जिथं जिथं भोंग्यावरून अर्धं आख्यान गेलं होतं, तिथं तिथं जाऊन उरलेलं गायचं. कुणी बोलावलेलं नसायचं. एसटीनं जायचे, देवळासमोर, पारावर, बाजारात उभे राहायचे आणि झाडापासून पुढं सुरू करायचे. लोक म्हणायचे, "मास्तर, निवडणूक झाली की. पुडच्या टायमाला या." काही ठिकाणी पोरं फोनवर पहिला भाग लावायची आणि दोन मास्तर एकमेकांवर गायचे. घसा गेला. सुजितकडंही जाऊन आले, सुजितनं दार उघडलं, पाणी दिलं, आणि म्हणाला, "सर, तुम्ही नका गाऊ आता."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पौडच्या आठवडी बाजारात. बकऱ्या विकायला बसलेल्या बायकांच्या ओळीशेजारी ते उभे होते. सदरा मळलेला. चिपळ्यांचा आवाज घशापेक्षा मोठा. ऐकत होती एकच बाई, हिराबाई धनगरीण, तीही बकरीच्या गळ्यातली दोरी हाताला गुंडाळून. मास्तरांचं संपलं तसं तिनं विचारलं, "मंग पोरगं मेलंच म्हना?"

"मेलं."

"अन् बाप रडला."

"रडला."

"मंग आदी कशाला गेला लडायला? घरी बलवून दोन मुस्काटात मारायच्या व्हत्या. जेवायला घालायचं व्हतं."

मास्तरांनी चिपळ्या बोटांतून काढल्या. मग तिच्या शेजारी, बकऱ्यांच्या लेंड्यांतच, खाली बसले. तिनं त्यांना तंबाखूची चंची पुढं केली. ते तंबाखू खात नसत. त्यांनी चिमूटभर घेतली आणि तळहातावर नुसती धरून ठेवली. मी हाक मारली नाही. गर्दीतून त्यांची पाठ दिसत होती, आणि तिच्यापुढं हिराबाई हात हलवत त्यांना काहीतरी समजावून सांगत होती, आपल्या घरातलं काही असावं, आणि ते मान डोलावत ऐकत होते. कुणाच्याही जागेवर न बसवता त्यांनी एखाद्या माणसाचं ऐकलेलं मी तेवढंच पाहिलं.

उन्हाळ्यात मास्तर गेले. मातीला राजे आले होते, सुजितही आला होता. दोघं कबरीच्या दोन बाजूंना उभे राहिले, मूठभर माती टाकली आणि आपापल्या गाडीकडं गेले. मार्थाबाई आता नगरकडं बहिणीपाशी असते.

मी राजांच्या विरोधात अजून लिहिते. माळावर आता खुणेचे दगड रोवलेत, त्यावरही लिहीन. राजाच्या बाजूनं कविता लिहू नये, हे माझं मत कायम आहे. हळहळ वेगळीच आहे. मास्तरांना राजाकडून जे हवं होतं ते मागण्यासारखंच होतं, आणि त्यासाठी बांधलेलं गाणं त्यांनी नेमकं बंडूशेठच्या हातात दिलं, ज्याला त्यातलं तेवढंच नको होतं.

सुजित सूसला राहतो. मध्यंतरी भेटले तेव्हा विचारलं, घरी कधी जाणार? डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "आई बोलावती. पण फाट्यावर उतरलो की पोरं मला बघून अजून तेच लावत्यात. ते वाजायचं थांबलं तर बघू."

म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. मास्तरांच्या अर्ध्या आख्यानाची ती फीत अजून फोनवरून फिरते. तुमच्याकडं आली तर पुढं धाडू नका, आणि गुपचूप पुसूनही टाकू नका. पाठवणाऱ्याला फोन लावा. त्याला विचारा, झाडाला अडकल्यावर पुढं काय झालं? त्याला ठाऊक नसेल. मग तुम्ही सांगा. बापानं पोराला सांभाळा म्हणून बजावलं होतं, कुणी ऐकलं नाही, आणि जिंकलेला बाप एकटा वर जाऊन रडत बसला. गाता येत नसेल तर साध्या बोलण्यात सांगा. आणि तो माणूस राजांच्या पडवीत उठबस करणारा असेल, तर त्याला म्हणावं, एवढं त्यांच्या कानावर घाल. दावीदाला ते फार उशिरा कळलं. त्यांचं पोरगं अजून जिवंत आहे.